पुढे कॅप्टन, मागे शेपूट

स्मरणिका समितीकडून फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. समितीतल्या मित्रानं मग शाळेतला जुना मॉनिटरचा आवाज लावला. “लिही गं. पण ‘माझा प्रवास’ नको, तसले अकरा लेख आधीच आलेत. काहीतरी माहितीचं लिही.” म्हणून इतिहास. आपल्या इतिहासाच्या बाईंना माझे पेपर आठवत असतील तर त्या हा लेख लाल पेन हातात घेऊनच वाचायला बसतील. बाई, सनावळ्या या वेळी दोनदा तपासल्या आहेत.

हा इतिहास घोळक्यानं सायकल चालवण्याचा आहे. त्यात लंडन आहे, बॉस्टन आहे, तमिळनाडूतला एक जिल्हा आहे आणि शेवटी आपल्या शाळेचंही एक पान आहे. ते पान लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे ओळखायला माझी मान पुरेशी आहे. चाळिशी गाठली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण हालचाल करा. जिमचे पैसे भरून झाले, योगासनांची चटई आणून झाली. मग सोसायटीतल्या एकीनं मला रविवारच्या सायकलवाल्यांत ओढलं. सकाळी साडेपाचला चहाच्या टपरीपाशी जमायचं, खडकवासल्यापर्यंत जायचं, परतताना पोहे. पंधरा-वीस जण. पहिल्याच रविवारी धायरी फाट्याच्या पुढे सगळे दिसेनासे झाले आणि मी एकटी मागे राहिले. एकटी म्हणजे तसं मला वाटलं. वळून पाहिलं तर पिवळं जाकीट घातलेले एक काका वीस-पंचवीस फुटांवर निवांत पायडल मारत येत होते. मला संकोच वाटला. म्हटलं, “काका, तुम्ही व्हा ना पुढे.” ते म्हणाले, “मी आज शेपूट आहे. तुमच्या पुढे गेलो तर शेपूट कसलं?”

आमच्याकडे पाळी असते. दर रविवारी एकजण पुढे, तो कॅप्टन, आणि एकजण सगळ्यांच्या मागे, तो शेपूट. शेपटानं कुणालाही मागे टाकायचं नाही. कुणी पंक्चर झालं तर तो थांबणार, कुणाला दम लागला तर तोही दम खाणार. त्या दिवशी मी धरणाच्या भिंतीपाशी पोचले तेव्हा बाकीच्यांचे दोन-दोन चहा झाले होते. कुणी काही बोललं नाही. कुणीतरी नुसता कप पुढे केला. शाळा सुटल्यानंतर इतक्या वर्षांत कुठल्याही ऑफिसच्या कुठल्याही टीममध्ये मला ‘मी इथली आहे’ असं इतक्या पटकन वाटलं नव्हतं. टीम बिल्डिंगचे कार्यक्रम मी चिक्कार केलेत, म्हणून हे जरा अधिकारानं सांगते.

घरी येऊन अंघोळ करताना डोक्यात एकच प्रश्न होता. हे शेपूट कुणी शोधून काढलं? प्रोग्रॅम चुकला की मागे मागे जात मूळ शोधायची आमची सवय. तशीच मागे गेले, ती थेट १८७० सालात जाऊन पोचले.

त्या वर्षी जूनमध्ये चार्ल्स डिकन्स वारले आणि त्याच महिन्यात लंडनमधल्या काही सायकलवेड्यांनी एक क्लब काढला. डिकन्सच्या कादंबरीवरून त्याचं नाव ठेवलं पिकविक बायसिकल क्लब. तो अजून चालू आहे. तेव्हा सायकल म्हणजे पुढे भलं मोठं चाक आणि मागे चिमुकलं. पुढचं चाक खड्ड्यात अडकलं की माणूस डोक्यावरच पडायचा. एकट्यानं लांब जाणं धोक्याचं, म्हणून घोळके झाले, आणि घोळके झाले म्हणून नियम आले. क्लबांना गणवेश असायचा. पुढे कॅप्टन, त्याच्या हाताखाली उपकॅप्टन आणि शिवाय एक बिगुलवाला. उतरा, चढा, ओळ लावा, सगळं बिगुलावर. आपल्या शाळेच्या कवायतीत आणि त्यात फारसा फरक नव्हता.

पण ही सगळी पैसेवाल्या तरुण पुरुषांची चंगळ. सायकल महाग होती आणि घोळदार झग्यात त्या उंच चाकावर चढणं बायकांना शक्यच नव्हतं. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली ‘रोव्हर’ आणली. आज आपण चालवतो तिचीच ती आजी. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मग दहाएक वर्षांत किमती उतरत गेल्या आणि कारकून, कामगार, शिक्षिका असे सगळे सायकलवर आले. १८९४ मध्ये बर्मिंगहॅममधल्या काही तरुण समाजवाद्यांनी आपल्या आवडत्या साप्ताहिकाच्या नावावरून ‘क्लॅरियन’ सायकल क्लब काढला. आठवडाभर कामात पिचायचं आणि सुट्टीच्या दिवशी घोळक्यानं गावोगाव जाऊन पत्रकं वाटायची. त्यांची एक गंमत मला फार आवडते. वाटेत दोन क्लॅरियनवाले भेटले की एक ओरडायचा “बूट्स!” आणि दुसरा उत्तर द्यायचा “स्पर्स!” अनोळखी रस्त्यावर अनोळखी माणसाकडून एक शब्द आला आणि त्याची जोडी तुम्हाला ठाऊक असली की झालं. आमच्यात “चहा?” आणि “झाला!” असं आहे. त्यात समाजवाद नाही, पण काम तेच होतं.

इथवर वाचताना मला फार बरं वाटत होतं. मग लक्षात आलं, घोळका म्हटलं की त्याला बाहेरची बाजूही असते.

ऑक्टोबर १८९८. लेडी हार्बर्टन या साठीकडे झुकलेल्या बाई सायकलवरून इंग्लंडमधल्या ऑकम गावच्या हॉटबॉय हॉटेलात पोचल्या. झग्याऐवजी त्यांनी ढगळ विजार घातली होती, कारण सायकल चालवायला ती सोयीची. मालकिणीनं त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही. हवं तर दारूच्या गुत्त्याकडच्या खोलीत बसा, म्हणाली. लेडी हार्बर्टन सायकलिस्ट्स टूरिंग क्लबच्या सभासद होत्या. १८७८ साली निघालेला हा क्लब आपल्या सभासद बाईसाठी कोर्टात गेला आणि १८९९ मध्ये हरला. हॉटेलनं दुसरी खोली देऊ केली होती, म्हणजे प्रवेश नाकारला असं होत नाही, हा निकाल. खटला हरला हे खरं. पण एका बाईच्या विजारीसाठी अख्खा क्लब उभा राहिला, हे मला निकालापेक्षा मोठं वाटतं.

उलट बाजूही बघा. अमेरिकेत सायकलस्वारांची मोठी संघटना होती, लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन. चांगले रस्ते मिळावेत म्हणून भांडणारी, हजारो सभासदांची. १८९४ मध्ये तिनं घटनेत एक शब्द घातला, ‘गोरा’. सभासद व्हायला गोरं असणं सक्तीचं झालं. बॉस्टनमध्ये किटी नॉक्स नावाची विशीतली एक शिवणकाम करणारी मुलगी होती. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. ती १८९३ पासून, म्हणजे तो शब्द यायच्या आधीपासून लीगची सभासद होती. स्वतः शिवलेली विजार घालून ती पुरुषांची, म्हणजे आडव्या दांडीची सायकल चालवायची. १८९५ च्या जुलैत न्यू जर्सीतल्या अॅस्बरी पार्कला लीगचं अधिवेशन भरलं. किटी तिथं गेली आणि आपलं सभासदपत्र समोर ठेवलं. त्यावरून गदारोळ झाला, वर्तमानपत्रं भरून आली. शेवटी ती आधीपासून सभासद असल्यानं तिचं कार्ड वैध धरावं लागलं. ती १९०० साली मूत्रपिंडाच्या विकारानं गेली, वय २६. तो शब्द लीगनं अधिकृतपणे धिक्कारला तेव्हा साल होतं १९९९. आपली दहावी होऊन चार वर्षं झाली होती.

घोळक्यात वेगाचं काय करायचं, यावरही लोकांनी भांडून घेतलंय. १८९७ मध्ये बारा इटालियन सायकलस्वार एका दिवसात रोमहून नेपल्सला गेले, २३० किलोमीटर. या धाडसावरून अशा रपेटीला ‘ओडॅक्स’ हे नाव पडलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धीट. १९०४ मध्ये आंरी देग्रांज यांनी फ्रान्समध्ये त्याचे नियम बांधले. आदल्याच वर्षी तूर द फ्रान्स सुरू करणारे हेच गृहस्थ. ओडॅक्समध्ये मात्र शर्यत नव्हती. कॅप्टननं धरलेल्या ठरावीक वेगानं सगळ्यांनी एकत्र निघायचं आणि एकत्र पोचायचं. पुढे देग्रांज आणि पॅरिसचा ओडॅक्स क्लब यांचं बिनसलं आणि १९२१ पासून क्लबनं दुसरी तऱ्हा सुरू केली. ज्यानं त्यानं आपापल्या वेगानं जावं, फक्त ठरलेल्या वेळेच्या आत पोचावं. आपल्याकडे आज जी बीआरएम म्हणून ओळखली जाते ती हीच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ६०० ला ४०. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. पहिला आला आणि शेवटचा आला, दोघांची नोंद सारखीच.

एक २०० मीही केली आहे. साडेतेरापैकी तेरा तास दहा मिनिटं लागली, त्यामुळे हा नियम मला किती न्याय्य वाटतो ते समजून घ्या. शेवटच्या चाळीस किलोमीटरला समोरून वारा होता. भौतिकशास्त्राच्या सरांना आवडेल म्हणून सांगते, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून पुढच्याच्या चाकामागे चिकटून चालवलं की मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. एक विशीतला मुलगा माझ्या पुढे आला, काही न बोलता वेग कमी केला आणि तासभर माझा वारा अंगावर घेत राहिला. त्याला आपल्या वेगानं जायची पूर्ण मुभा होती. नियमानं त्याला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या शिक्क्यापाशी मी आभार मानले तर म्हणाला, “मावशी, मला पण कंपनी पाहिजेच होती.” ‘मावशी’चं मी मनाला लावून घेतलं नाही.

आपल्या देशातली मोठी गोष्ट मुंबईची. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. १९२८ च्या मार्चमध्ये परत आले ते तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. ४४,००० मैल, म्हणजे सुमारे ७०,००० किलोमीटर. वाळवंटं झाली, आल्प्स झाला. बाकीच्यांपैकी कुणी वाटेतून घरी परतलं, कुणी परदेशातच राहिलं. सगळे या तिघांच्या पराक्रमाबद्दल बोलतात, ते योग्यच आहे. माझं मन मात्र ज्या दिवशी सहाचे पाच झाले त्या दिवसापाशी अडकतं. त्या सकाळी सायकली काढताना त्यांच्यात काय बोलणं झालं असेल?

आणि आपलं पुणं. सायकलींचं शहर म्हणून आपण अजून मिरवतो, पण ते बिरुद ज्यांनी कमावलं ते बहुतेक कामगार होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे भोंग्याच्या आधी हँडलला डबा अडकवून जाणारे थवेच्या थवे माझ्या आजोबांनी पाहिले होते. त्याला कुणी क्लब म्हटलं नाही, गणवेश खाकीच होता तेवढं सोडा. तासावर भाड्यानं सायकली देणारी दुकानं पेठापेठांत होती. डबलसीट बसल्याबद्दल आणि रात्री दिवा नसल्याबद्दल पोलीस पकडायचे. मग लुना आली, कायनेटिक होंडा आली, वर्षानुवर्षं नंबर लावून मिळणारी चेतक हळूहळू सहज मिळायला लागली. आपण त्या उताराच्या शेवटच्या टप्प्यातली मुलं. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात मुलांना घेऊन गेले तेव्हा जुन्या काळ्या जेन्ट्स सायकलींपाशी मी बराच वेळ रेंगाळले. मुलांना वाटलं आई कंटाळली.

आता आपलं पान.

आठवीपासून आम्ही कोथरूडच्या सहाजणी एकत्र सायकलनं शाळेत यायचो. कर्वे पुतळ्यापाशी जमायचं, कर्वे रस्त्यानं नळ स्टॉप, डेक्कन, नदी ओलांडून अलका चौक, तिथून शाळा. बरोबर जाण्याचं कारण उघड होतं. एकट्या मुलीच्या सायकलला हॉर्न मारत कट मारणारे सहाजणींच्या वाटेला जात नसत. पाचजणींकडे लेडीज सायकली होत्या. सहावीकडे तिच्या वडिलांची काळी जेन्ट्स. वडील छापखान्यात दुसऱ्या पाळीला असत. त्यामुळे सकाळी सायकल हिच्याकडे, आणि दुपारी त्यांना ती लागायची तेव्हा तिचा भाऊ मधल्या सुट्टीत शाळेत येऊन घेऊन जायचा. येताना ती आमच्यापैकी कुणाच्या तरी मागे डबलसीट. ती उंचीनं लहान. सीटवर बसलं की पाय पुरायचे नाहीत, म्हणून ती बरंचसं अंतर उभ्यानंच चालवायची. त्या सायकलची चेन सैल होती आणि आठवड्यातून दोनदा तरी पडायची.

आठवी-नववीत आम्ही थांबायचो. चेन पडली की सहाजणी रस्त्याच्या कडेला, दोघी चेन बसवणार आणि चौघी सल्ले देणार. दहावीत ११ वाजता जादा तास सुरू झाले. उशीर झाला की वर्गाबाहेर उभं राहायचं आणि डायरीत शेरा. दोन-तीनदा तसं झालं. मग एक दिवस पुतळ्यापाशी आम्हीच ठरवलं, कुणी ठरवलं ते आठवत नाही हे मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण आठवतंय, मीच म्हणाले, की बरोबर सव्वादहाला निघायचं, मध्ये कुठे थांबायचं नाही. ती हो म्हणाली. ती कशालाच नाही म्हणायची नाही.

१९९४ चा जुलै. पाऊस. नळ स्टॉपच्या सिग्नलला आम्ही चौघी पुढे होतो, पाचवी आजारी होती. चौघींत मी मागे. सिग्नलला पाय टेकवून मागे पाहिलं, तर पाऊणशे फुटांवर ती रस्त्याच्या कडेला सायकल आडवी लावून वाकली होती. रेनकोटाची टोपी मागे पडलेली. तिनंही वर पाहिलं. हात केला की कपाळावरचं पाणी पुसलं, ते मला त्या दिवशीही कळलं नाही. सिग्नल सुटला. पुढून एकीनं विचारलं, “आली का गं ती?” मी म्हटलं, “येतीये मागून.” आणि पायडल मारलं.

ती दुसऱ्या तासाला आली. दोन्ही हात ग्रीसनं काळे, ओढणी चिंब. सरांनी हात धुऊन यायला सांगितलं. पाण्याच्या टाकीपाशी ती किती वेळ हात चोळत होती ते वर्गाच्या खिडकीतून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पुतळ्याला ती आली नाही. पीएमटीनं यायला लागली. आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर जादा तासाला आम्ही वेळेवर पोचायला लागलो, त्याचा मला आनंद झाला होता. दहावीनंतर तिचं कॉलेज वेगळं, माझं वेगळं. मी इंजिनिअरिंगला गेले आणि स्कूटी घेतली.

हे सगळं मी विसरले नव्हते, नुसतं तिकडे बघत नव्हते. वर ओढून काढलं ते पी. साईनाथ यांच्या ‘एव्हरीबडी लव्ज अ गुड ड्राउट’ या पुस्तकानं. त्यात तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची हकिकत आहे. १९९१ मध्ये तिथं साक्षरतेची मोहीम सुरू झाली आणि जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिच्यात बायकांना सायकल शिकवणं हाही भाग घातला. शेतमजूर, दगडखाणीतल्या बायका, परिचारिका, अंगणवाडीच्या ताई, सगळ्या शिकायला आल्या. लोक वाटेत घाणेरडं बोलायचे. तरी १९९२ च्या महिला दिनाला हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत, दीड हजारावर बायकांनी ते गाव दणाणून सोडलं. गावात लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायकांनी जेन्ट्स घेतल्या. काहींना तर त्याच जास्त पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं.

त्या दांडीपाशी मी पुस्तक मिटलं. आपण शाळेत जी दांडीची सायकल हसण्यावारी नेली, तीच सायकल तिकडे त्याच वर्षांत बायका हौसेनं घेत होत्या. हसायचो आपण, कबूल करा. मी तर ‘सर्कस’ म्हणायचे.

मग गेल्या रविवारी शेपटाची पाळी माझी होती. नवीन आलेली एक मुलगी दमून थांबली, मला म्हणाली, “तुम्ही जा ना पुढे, माझ्यामुळे उशीर नको.” मी नेहमीचं उत्तर दिलं आणि तिच्या शेजारी सायकल टेकवून उभी राहिले. ती आपलं घटाघटा पाणी पिते आहे आणि माझ्या डोक्यात नळ स्टॉपचा सिग्नल लागलेला.

समितीकडून तिचा नंबर मिळवला. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ती नाही, हे माझ्या तोवर लक्षातही आलं नव्हतं. ती आता नाशिकला असते. पहिली दहा मिनिटं मुलं, सासर, गुडघे. मग मी सांगितलं, त्या दिवशी मला तू दिसली होतीस. पलीकडे जरा शांतता. म्हणाली, “इतकी वर्षं मला वाटायचं, पावसात तुला दिसलंच नसेल.” मी म्हटलं, दिसलं होतं. “बरं,” ती म्हणाली. आणखी थोडा वेळ गेला. “बरं वाटलं नव्हतं गं तेव्हा. बसच्या पैशांवरून घरी भांडणं व्हायची.” त्यावर मला काही बोलता आलं नाही आणि तिनंही मला सोडवायची घाई केली नाही. मग तिनंच विचारलं, “तुझी कुठली आहे आता? लेडीज?” मी म्हटलं, आता सगळ्यांच्याच दांडीवाल्या असतात. त्यावर ती जी हसली ते हसू मला ओळखीचं होतं, मधल्या सुट्टीतलं. हे स्मरणिकेत लिहू का, असं मी विचारलं. लिही, म्हणाली, फक्त नाव नको. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तर मेळाव्याच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही कर्वे पुतळ्यापाशी जमतोय. जुन्याच रस्त्यानं शाळेपर्यंत, साडेचार-पाच किलोमीटर, घाई नाही. सर-बाईंपैकी कुणी आलं तर फारच छान, गाडीतून आलात तरी चालेल. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी आधी कळवा, माझ्याकडे दोन जादा आहेत. त्यातली एक नाशिकच्या पाहुणीसाठी ठेवली आहे. तिनं पंचवीस वर्षांत सायकल चालवलेली नाही आणि येते म्हणाली आहे, पण नक्की नाही. सीट खाली करून ठेवली आहे. पंप, पंक्चरचं सामान आणि चेनला लावायचं तेल मी घेऊन येते. पुढे कोण राहणार ते तुम्ही ठरवा. मागे मी आहे.